चौथा बटाटा

ओट्यावर झाकण वाजलं. आधी एकदाच, कुणी बोटाने दार ठोठवावं तसं; मग जरा थांबून दोनदा; आणि मग थडथड थडथड सुरूच झालं. घरात दुसरा आवाज नव्हता. भिंतीवरचं घड्याळ सकाळीच उतरवून टॉवेलात गुंडाळलं होतं, पंखा काढून नेला होता, बाबा गॅलरीत एका खोक्यावर बसून सुतळीचा गुंता सोडवत होते आणि ठकू, माझी पाच वर्षांची मुलगी, वळकटीवर आडवी पडून तोंड उघडं टाकून झोपली होती. सामानाची पहिली खेप घेऊन नवरा टेम्पोबरोबर गेला होता. पाचला तो दुसरी खेप न्यायला येणार होता आणि त्या खेपेत सामानाबरोबर आम्हीही होतो. मी स्टुलावर उभी राहून खिडकीचा पडदा काढत होते. झाकण वाजलं तशी मी वरूनच म्हटलं, "गॅस बारीक करा गं कुणीतरी." म्हटलं, आणि माझा हात पडद्याच्या कडीतच राहिला. आवाज आईचा होता. त्याचं आता मला नवल वाटत नाही. आई गेल्याला दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत ती माझ्या घशात कधीही येऊन बसते. नवल वेगळंच होतं. गॅसवर काही ठेवलेलं मला आठवत नव्हतं. भांडी सगळी खोक्यांत गेली होती.

खाली उतरून पाहिलं तर कडेच्या शेगडीवर लहान पातेलं. त्याचं झाकण एका बाजूने वाकलेलं, म्हणून ते असं वाजतं. दुसरं कुठलंच झाकण असं वाजत नाही. उचललं तर पाण्यात चार बटाटे. सालीसकट, स्वच्छ धुतलेले, निवडून एका मापाचे घेतलेले. बाजूला वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधलेली मिठाची पुडी. हे सगळं मीच केलेलं असणार, कारण करणारं दुसरं कुणी नव्हतं. बाबांना गॅसची कळ कुठल्या बाजूला फिरते ते अजून विचारावं लागतं. म्हणजे गेल्या तासाभरात कधीतरी माझ्या हातांनी बटाटे निवडले होते, धुतले होते, पातेलं खोक्यातून परत बाहेर काढलं होतं, मिठाची पुडी बांधली होती, आणि मी मात्र तेव्हा ठकूच्या शाळेचा, नव्या घराच्या नळाचा, पडद्यांच्या लांबीचा विचार करत होते. अंगावर काटा वगैरे आला नाही. फक्त असं वाटलं, की आपण घरात एकटे आहोत असं धरून चाललो होतो आणि आतल्या खोलीतून कुणीतरी खाकरलं.

आमच्या घरातली सगळी माणसं गावाला निघाली आणि घर रिकामं राहणार असलं, की आई बटाटे ठेवायची. एक-दोन दिवसांत परत यायचं असेल तर उकडलेले. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात पातेलं, वर झाकण, शेजारी बशी आणि मिठाची पुडी. आठ-दहा दिवस लागणार असले तर कच्चे, धुऊन पातेल्यात घातलेले, शेजारी तांब्याभर पाणी आणि झाकणावर काडेपेटी. परत आल्यावर उकडलेले बटाटे बहुतेक वेळा आंबलेले असायचे, कच्च्यांना मोड फुटलेले असायचे, आणि आई प्रवासाच्या कपड्यांतच ते उचलून टाकायची, पातेलं घासून पालथं घालायची आणि मगच तोंडावर पाणी मारायची. दाराची एक किल्ली जिन्याच्या चौकात, कोरफडीच्या कुंडीखाली. बाबा बॅगा घेऊन खाली उतरता उतरता विचारायचे, "चोराच्या जेवणाची सोय झाली का?" आई म्हणायची, "झाली. घरजावयाची तेवढी राहिलीय, चला आता." हा विनोद मी इतक्या वेळा ऐकला की तो झाल्याशिवाय प्रवास सुरू झालाय असं मला वाटायचंच नाही. घरजावई बाबा खरेच होते. ही तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा आईच्या वडिलांची. आईने लग्नाला एकच अट घातली होती, की मी हे घर सोडणार नाही. बाबा तेव्हा डेपोत नवीन मेकॅनिक होते आणि तिघांत एक खोली घेऊन राहत होते. ते म्हणाले, मी कशाला नाही म्हणतोय.

पण आज आम्ही गावाला निघालो नव्हतो. आठवड्याभरात इमारत पाडणार होते. नव्याचं नवं काहीतरी इथे उभं राहणार होतं आणि त्यात आम्हाला जागा नको, पैसे हवेत, असं बाबांनीच ठरवून सही केली होती. जिना चढून त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. आई असेपर्यंत ती सही झाली नव्हती. बाकी सगळ्या मजल्यांच्या सह्या झाल्या, आईची राहिली. लोक तिला समजवायला यायचे, ती त्यांना चहा द्यायची आणि कपबशा धुवायला आत निघून जायची. कुणी वाकडं बोललं तर बाबा मध्ये पडायचे. म्हणायचे, "अहो, ती आयुष्यभर लोकांना गाडी कधी सुटणार ते सांगत आलीय. तिची स्वतःची कधी सुटणार ते तिला विचारू नका." मग जिथे परत यायचंच नव्हतं त्या घरात मी बटाटे उकडत होते ते कुणासाठी, हा प्रश्न सरळ होता. त्याचं उत्तरही मला ठाऊक होतं. तेच कालपासून मला छळत होतं.

आईला एक मोठा भाऊ होता. माझा मामा. मी त्याला फोटोतच पाहिलंय, कान जरा बाहेर आलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, हसायचं की नाही ते न ठरलेला चेहरा. तो एकोणीस वर्षांचा आणि आई तेरा. तो नोकरीच्या मुलाखतीला दुसऱ्या गावी गेला होता, दोन दिवसांनी येणार होता, आणि मधल्या दिवशी घरच्यांना एका लग्नाला जावं लागलं. किल्ली समोरच्यांकडे द्यायचं काम आईकडे होतं. ती नवीन फ्रॉकच्या नादात विसरली. लग्नघरी पोचल्यावर खिशात हात घातला तर किल्ली खिशात. तिने कुणाला सांगितलं नाही. पुढे मला म्हणाली, वाटलं, तो काही उद्याशिवाय येत नाही. तो त्याच दिवशी आला. मुलाखत झालीच नव्हती म्हणे, किंवा झाली आणि वाईट झाली, ते कुणाला कधी कळलं नाही. समोरच्या बाईंनी नंतर सांगितलं, की तो दुपारी आला, कुलूप पाहिलं, वरच्या पायरीवर बसला. त्यांनी जेवायला बोलावलं तर नको म्हणाला, आत्ताच खाल्लंय म्हणाला, पण त्याचं तोंड सुकलेलं होतं. दिवेलागणीपर्यंत बसला. मग पिशवी उचलून गेला. दोन महिन्यांनी एक कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: मी बरा आहे. वेळेवर जेवतो. शिक्का फाटलेला, गाव वाचता येत नव्हतं. आजोबांनी ते कार्ड वाचून कपाटात ठेवलं आणि ते बरे झाले, म्हणजे निदान कामावर जायला लागले. आई मात्र त्या दुसऱ्या ओळीत अडकून राहिली. वेळेवर जेवतो. हे तिने धीर म्हणून वाचलं नाही, टोमणा म्हणून वाचलं. पंचेचाळीस वर्षं ती त्या टोमण्याला बटाट्यांनी उत्तर देत राहिली.

नोकरीसुद्धा तिने तशीच शोधली, असं मला मोठी झाल्यावर वाटायला लागलं. बाहेरगावच्या गाड्यांच्या स्थानकावर, चौकशीच्या खिडकीत. तीस वर्षं ती त्या काचेमागे बसली. काचेला खाली एक अर्धगोल भोक होतं आणि माणसं त्या भोकाशी वाकून विचारायची. त्यामुळे आईला सगळ्या जगाची डोकी आणि कपाळं पाठ होती, असं बाबा म्हणायचे. शाळा सुटल्यावर मी कधी कधी तिच्यामागे स्टुलावर बसून गृहपाठ करायची. तिच्या समोर माइक, उजवीकडे वेळापत्रकाची फुगलेली वही, डावीकडे डबा. माइक लावला की तिचा आवाज बदलायचा, गुळगुळीत आणि सपाट व्हायचा, आणि बंद केला की ती माझ्याकडे वळून तिच्या घरच्या आवाजात म्हणायची, "नाक पूस." कुणी चौकशीला आलं की ती आधी त्या माणसाचे कान बघायची. हे मी पाहिलंय. फारच लहान होते तेव्हा मला वाटायचं, त्याला नीट ऐकू येईल की नाही ते ती बघते. शेवटच्या दोन वर्षांत तिथे यंत्रातली बाई बोलायला लागली, फलाटांची नावं एका दमात सांगणारी, आणि आईचा माइक काढून घेतला. खिडकी मात्र राहिली. "यंत्राला उलटं विचारता येत नाही ना," आई म्हणायची, "तेवढ्यासाठी मी."

घरी तिचा स्वयंपाकही गाड्यांच्या मधल्या वेळात बसवलेला. भात, डाळ, एखादी भाजी, तीन वस्तूंच्या पुढे सहसा जायची नाही. पण बटाटा तिच्या हातात काही वेगळा व्हायचा. गरम असतानाच सोलायची, बोटं झटकत, फुंकर घालत. साल निघताना जी वाफ येते तिला मातीचा वास असतो, पाऊस-बिऊस नव्हे, तळघराच्या, बंद पेटीच्या आतल्यासारखा. मग तळव्याने दाबायची, वर मीठ, आणि पहिला घास मला. मीठ विरघळायच्या आत दाताखाली यायचं. मी आता ठकूसाठी तेच करते आणि ती म्हणते, "आई, कच्चं मीठ लागलं." तिच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. चव पुढे देता येत नाही, फक्त हात पुढे देता येतो. आणि माझ्या हातांनी आज मला न विचारता चार बटाटे निवडले होते. चार. पूर्वी तीन असायचे.

मी गॅस बारीक केला. झाकण परत एकदा वाजलं आणि गप्प झालं. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि कुर्त्याच्या खिशातून माझी जुनी कंपासपेटी बाहेर काढली. कालपासून ती मी अंगावर घेऊन फिरत होते. माळ्यावरच्या पेटीत, माझ्या चौथीच्या वह्यांमध्ये सापडली. आत कर्कटकाचा एक पाय, खोडरबराचा खडा झालेला तुकडा, आणि नखाएवढी, आठ वेळा दुमडलेली कागदाची एक चौकोनी घडी. तेवीस वर्षं ती तिथे आहे हे मला कायम माहीत होतं, जसं पायाच्या तळव्यावरचा तीळ आपल्याला माहीत असतो. आज हे घर सुटायच्या आत ती बाबांना दाखवायची की नाही, एवढंच माझ्यापुढे उरलं होतं. नवीन घरी गेल्यावर दाखवता येणार नाही, हे का कोण जाणे पण मला पक्कं वाटत होतं. तिथे त्या कागदाला अर्थच राहिला नसता.

मी नऊ वर्षांची होते. आत्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही तिघं गेलो होतो. डेपोतून निरोप आला, दोन गाड्या बंद पडल्यात, म्हणून बाबा एक दिवस आधी परत निघाले. तिथून परस्पर कामावर जातो म्हणाले. आई आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी आलो. आईने कुंडीखालची किल्ली काढली, दार उघडलं, आणि चपला न काढताच ओट्यापाशी गेली. मी तिच्या मागे. पातेल्यात बटाटे नव्हते. बशीत साली होत्या, एका बाजूला नीट सारलेल्या. आई बराच वेळ बशीकडे बघत उभी राहिली. मग तिने एक साल उचलून बोटांत चोळून पाहिली, किती वाळलीय ते. तिच्या पाठीकडून मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तिचे खांदे खाली आले. ते वर धरलेले होते हे मला ते खाली आल्यावर कळलं. ती म्हणाली, "दादा येऊन गेला." कुणाला म्हणाली कोण जाणे, मला नव्हे. आणि मग ती खिडकीपाशी जाऊन रस्त्याकडे बघून हसायला लागली, मोठ्याने, लहान मुलीसारखी, तोंडावर हात ठेवून. तेवढ्यात मला बशीच्या कडेखाली तो कागद दिसला. मिठाच्या पुडीचा कागद, आठ घड्या घालून चौकोन केलेला. आमच्या घरात कागदाच्या अशा घड्या एकच माणूस घालायचं. बसचं तिकीट असो, दुकानाची पावती असो, बाबा बोलता बोलता तिच्या आठ घड्या करायचे आणि हलत्या टेबलाच्या पायाखाली सरकवायचे. मी कागद मुठीत घेतला. आई हसत होती. मी मूठ पाठीमागे नेली. तिथून पुढचं सगळं आयुष्य ती मूठ तशीच आहे.

त्यानंतर आई बदलली, आणि आमच्या दृष्टीने चांगलीच बदलली. झोप लागायला लागली तिला. दाराचं कुलूप गंजलं तरी बदलू दिलं नाही, कारण ती किल्ली त्याला ठाऊक होती. बढतीवर दुसऱ्या गावी जायचं आलं, नाकारलं. "आला होता, परत येईल," एवढंच. आणि इमारतीचा कागद आला तेव्हा सही केली नाही. म्हणजे कुठे तीन बटाटे आणि कुठे तीन मजले, पण एकावर एक रचत गेलं तर ते तिथूनच सुरू होत होतं. मी लग्न करून गेले, ठकू झाली, तिघंही परत इथेच राहायला आलो, आई आजारी पडली, त्या सगळ्यात कितीदा वाटलं की सांगावं. दवाखान्यात एकदा जिभेवर आलं होतं. तिने विचारलं, "घरी बटाटे ठेवलेत ना?" मी म्हटलं, "ठेवलेत." ते खोटं होतं. मी पळत घरी जाऊन ते खरं केलं.

दार वाजलं. तळमजल्यावरचा शिंपी उभा होता, गळ्यात टेप, हातात ठकूचा घड्या घातलेला फ्रॉक. "ताई, हा राहिला होता. बाही सोडलीय, वर्षभर चालेल." मी आभार मानले आणि एकदम सुचलं म्हणून म्हटलं, "भाऊ, आमचा नवीन पत्ता ठेवता का तुमच्याकडे? कुणी विचारत आलं तर." तो हसला. "मी कुठे राहतोय इथे? परवा माझंही मशीन उचललं. पुतण्याकडे." मग माझ्या तोंडाकडे बघून जरा वरमला. "दारावर चिकटवून ठेवा हवं तर." आणि स्वतःच म्हणाला, "पण दार तरी कुठे राहणार म्हणा." तो उतरून गेला. मी पत्ता लिहिलेलाच होता, एका कागदावर, मोठ्या अक्षरात. तो हातात धरून मी दाराकडे, मग भिंतीकडे, मग छताकडे पाहिलं. चिकटवण्यासारखं पुढच्या आठवड्यात उरणारं असं काहीच दिसेना.

"वास आला म्हणून आलो," बाबा मागून म्हणाले. सुतळीचा अर्धा सुटलेला गुंता त्यांच्या मनगटाला होता. ते वळकटीच्या कडेला, ठकूला धक्का लागणार नाही असे बसले आणि ओट्याकडे बघत राहिले. "ठेवलेस होय," ते म्हणाले.

"मला कळलंच नाही कधी ठेवले ते."

"असू दे. किती?"

"चार."

"हं," बाबा म्हणाले. "चारच."

मी कंपासपेटी उघडली आणि कागद त्यांच्या तळहातावर ठेवला. वाक्य जुळवत बसले असते तर ठकू उठली असती. मुलीच्या झोपेच्या मापानेच माझं सगळं बेतलेलं असतं हल्ली. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. कागद उलटा केला, सुलटा केला. मग इंजिनाचा एखादा बारीक भाग उलगडावा तसा एक एक घडी उघडत गेले. आतमध्ये अर्धी छापील जाहिरात होती, पिवळी पडलेली. बोट फिरवून त्यांनी ते जिभेला लावलं.

"मीठ नाही राहिलं," ते म्हणाले. मग कागद उजेडाकडे धरून, "हा कुठे मिळाला तुला?"

"बशीखाली होता. त्याच दिवशी."

"मी चार दिवस खिसे तपासत होतो. डेपोतलं कपाटसुद्धा पाहिलं. म्हटलं हवेत गेला का काय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नऊ वर्षांची होतीस तू."

"आणि तुम्ही चाळीसचे."

त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी गिळलं. "भूक लागली होती गं. गाडी रस्त्यात दोनदा थांबली, कामावर जायच्या आधी म्हटलं घरी डोकवावं. समोर बटाटे. म्हटलं, नाहीतरी आंबून जाणार. सांगणारच होतो मी तिला. त्यात न सांगण्यासारखं होतंच काय? दुसऱ्या दिवशी दुपारी आलो, हाताला सगळं ग्रीस. म्हटलं हात धुवावेत आणि सांगावं." त्यांनी हातातला कागद सपाट केला. "हात धुऊन होईपर्यंत ती मला सगळं सांगून मोकळी झाली होती. आणि हसत होती. तिला तसं हसताना मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं."

पाण्याचा आवाज आता आटत आल्यासारखा बारीक येत होता. मी गॅस बंद केला. मला वाटलं होतं, हे बोलणं झालं की काहीतरी मोठं कोसळेल किंवा हलकं तरी वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त खोलीत आपण दोघं आहोत हे पहिल्यांदाच नीट दिसलं, जसं सामान हलवल्यावर फरशीचा खरा रंग दिसतो.

"पुढच्या खेपेला आपण गावाला निघालो, तेव्हा तिने चार ठेवले," बाबा म्हणाले. "आठवतंय तुला?"

"आठवतंय. मला वाटलं, तो आला होता म्हणून तिला धीर आला. जास्त ठेवले."

"मी विचारलं, एक जास्त का? तर म्हणाली, एकट्याला तीन खूप झाले, पण दोघं आले तर कमी पडतात." ते सुतळीच्या गाठीत नख घालत होते. "मी म्हटलं, दुसरं कोण येणार? तिने उत्तर दिलं नाही. चौकशीच्या खिडकीत बसणारी बाई, पण घरी उत्तर काही देईना."

"म्हणजे तिला माहीत होतं."

"मी विचारलं नाही."

"एवढी वर्षं?"

"तू तरी कुठे विचारलंस?"

"माहीत होतं तर मग सही का केली नाही तिने?"

बाबांनी कागदाच्या परत घड्या घालायला सुरुवात केली, त्याच जुन्या रेषांवरून. "माहीत असणं वेगळं असतं बाई," ते म्हणाले, "आणि सही करणं वेगळं असतं."

मी पाणी ओतून टाकलं. वाफेत माझा चेहरा ओला झाला आणि ते बरंच झालं. एका बटाट्याची साल उकलली होती, आतला पिवळट पांढरा गर दिसत होता. किती वर्षं मी त्या चौथ्या बटाट्याकडे आईचा भाबडेपणा म्हणून बघितलं होतं. आम्ही दोघांनी मिळून तिला फसवलं आणि ती फसली, म्हणून तिच्यावर मी जरा जास्तच माया केली, दया मिसळलेली, वरून खाली येणारी. आता तो बटाटा पातेल्यात तसाच होता पण त्याचा अर्थ बाजू बदलून बसला होता. कदाचित सांभाळून घेणारी तीच होती. एका बाजूने नवरा, एका बाजूने मूठ पाठीमागे धरलेली मुलगी, आणि मध्ये ती, रिकाम्या बशीकडे बघून हसणारी. किंवा तसंही नसेल. किंवा ती आधी खरंच हसली असेल आणि कधीतरी नंतर, साली टाकताना, तिला कळलं असेल, आणि तोपर्यंत ते हसू परत घेण्यासारखं राहिलं नसेल. विचारायला ती नव्हती, आणि ती असताना विचारण्याची वीस एक वर्षं आम्ही नाक पुसण्यात घालवली.

"कसला वास येतोय?" ठकू उठून बसली होती. गालावर वळकटीच्या दोरीचा ठसा. "मला भूक लागलीय."

"थांब, बिस्किटं आहेत."

"मला ते हवंय."

"ते घरासाठी आहेत," मी म्हटलं. आईचाच शब्द. "मामाआजोबा आले तर त्यांच्यासाठी."

"दे तिला," बाबा म्हणाले. "चौथा दे. तो खायचाच आहे." त्यांनी स्वतः बटाटा उचलला, बोटं झटकत, फुंकर घालत सोलला, तळव्याने दाबला आणि नवी पुडी सोडून वर मीठ टाकलं. पहिला घास ठकूला, दुसरा मला, तिसरा स्वतः. कुणी कच्चं मीठ लागलं असं म्हणालं नाही. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला, दोन छोटे, एक लांब, नवऱ्याची खूण. बाबांनी मिठाच्या नव्या कागदाच्याही आठ घड्या केल्या, टेबल जागेवर आहे का बघितलं, ते गेलेलं होतं, आणि मग तो खिशात टाकला, वरून हाताने चाचपून.

तीन बटाटे मी पातेल्यात ठेवले. डाव्या कोपऱ्यात, शेजारी राहिलेल्या मिठाची दुसऱ्या कपट्यात पुडी करून, पुडीखाली पत्त्याचा कागद. बशी नव्हती, ती खोक्यात गेली होती. झाकण उलटं करून ठेवावं का असा विचार केला, मग सुलटंच घातलं. बाबा दारात एक बॅग आणि सुतळीचा गुंता घेऊन उभे होते. जिन्याकडे तोंड करून म्हणाले, "चोराच्या जेवणाची सोय झाली का?" आणि मला पुढचं वाक्य म्हणता येईना. घशात आई होती, पण तीही गप्प होती. मग ठकूच म्हणाली, "झाली," कारण तिला वाटलं तिलाच विचारलंय.

कुलूप लावलं. आठवड्यानंतर त्या कुलपाआड काहीच राहणार नव्हतं. किल्ली ठेवायला वाकले तर ठकूने कुंडी आधीच दोन्ही हातांनी उचलली होती. कोरफड नव्या घरी न्यायची असं तिचं कालपासून ठरलं होतं. फरशीवर कुंडीचा गोल डाग राहिला होता, वर्षानुवर्षांचा, मधे किल्लीच्या गंजाची बारीक खूण. मी त्या खुणेवर किल्ली ठेवली. ती उघडी, सगळ्यांना दिसेल अशी पडून राहिली. ठकू तिच्याकडे बघत होती. दोन पायऱ्या उतरली, कुंडी पोटाशी धरून, आणि थांबली. वरच्या पायरीकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, मामाआजोबा आले आणि इथे घरच नसलं," ती म्हणाली, "आणि आजी पण आता खिडकीत बसत नाही, तर मग ते कुणाला विचारतील?"